दीड इंची चूक

ड्रिल मशीन बंद होऊन बराच वेळ झाला होता, पण त्यानंतर पसरलेली शांतता अजून तिच्या मनगटात थरथरत होती. न्हाणीघराच्या भिंतीला, जमिनीपासून बरोबर तेहतीस इंचांवर, तिने आत्ताच पाडलेले भोक होते. त्याच्या कडेने टाइलची पांढरी भुकटी ओघळून मध्येच थबकली होती, आणि ती समोरच्या स्टुलावर बसून त्या भोकातून पाणी येण्याची वाट पाहत होती. पाणी येत नव्हते. पाणी न येणे, म्हणजे आतला नळ न फुटणे, ही चांगली गोष्ट आहे हे तिला कळत होते. तरी घडले होते ते पाण्याहून बरे की वाईट, हे ठरवायला तिच्याजवळ काही साधन नव्हते. टाइल कापली जाईपर्यंत मशीन कुरकुरले होते, मग काहीतरी कठीण दळल्यासारखा आवाज आला, आणि मग भिंतीने एकाएकी अंग काढून घेतले. दोन्ही हातांतले बळ कुणीतरी पलीकडून ओढून घ्यावे तसे नाहीसे झाले, मशीनचे नाक टाइलवर आपटले, ती स्वतः कपाळाने भिंतीवर आदळता आदळता राहिली. दाराबाहेर, दोन हातांवर, खुर्चीत तिचे वडील बसले होते. चाळीस वर्षे सुतारकाम केलेल्या माणसाला काय झाले ते कळायला डोळे लागत नाहीत. त्यांनी काही विचारले नाही. विचारण्याइतके शब्द त्यांच्याजवळ उरले नव्हते हे खरेच, पण शब्द होते तेव्हाही कुणाच्या हातून लाकूड वाया गेले की ते असेच गप्प बसत, आणि ती गप्प बसण्याची तऱ्हा अशी होती की चुकणाऱ्याला वाटावे, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते.

घड्याळात दीड वाजून गेला होता. चार वाजता धाकटा भाऊ येणार होता.

सहा आठवड्यांपूर्वी याच भिंतीवर, याच उंचीवर, वडिलांना आधाराला धरण्यासाठी दुसरा एक दांडा होता. तो एका मिस्त्रीने बसवला होता, शीळ घालत, दहा मिनिटांत, आणि जाताना त्याला हात लावून म्हणाला होता, बाई, आता यावर हत्ती बांधा. नवव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आधी खरखर आणि मग काहीतरी ओले, जड पडल्याचा आवाज आला. ती धावली तेव्हा वडील जमिनीवर कुशीवर पडलेले होते आणि त्यांच्या डाव्या हातात तो दांडा होता, त्याच्या टोकांना स्क्रू, स्क्रूंना चिकटून भिंतीचा मऊ चुरा. त्यांनी तो सोडला नव्हता. तिने त्यांची बोटे एकेक करून उकलली. त्या क्षणी त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही, भिंतीकडे पाहिले, आणि स्पष्टपणे, आजारपणानंतर इतक्या स्पष्टपणे ते पहिल्यांदाच काही बोलत होते, म्हणाले, “चूक.”

मग रुग्णालय, जिथे ती एक्स-रे काढण्याचे काम करीत होती, आणि त्या रविवारी विभागात तिच्याशिवाय दुसरे कुणी नव्हते. वडिलांच्या गळ्याजवळच्या हाडाची प्लेट तिनेच काढली. शिशाच्या काचेआड उभी राहून, दिवसातून साठ वेळा जे शब्द ती परक्या माणसांना उच्चारते तेच त्यांना उच्चारले: श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. त्यांनी श्वास धरून ठेवला. नेहमीचा क्लिक झाला. पण ‘सोडा’ म्हणायचे ती विसरली. पडद्यावर उमटणारी ती बारीक काळी रेघ पाहत राहिली, आणि मागे वळली तेव्हा म्हातारा अजून छाती फुगवून, डोळे वटारून, आज्ञाधारकपणे उभा होता. माणसांच्या आतले सगळे तिला दिसते. फासळ्या, गिळलेले नाणे, आठ दिवसांपूर्वी झालेली आणि लपवून ठेवलेली मारहाण. आणि स्वतःच्या घरातल्या एका भिंतीच्या आत काय आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. विभागातल्या वरिष्ठाने यावरून तिची थट्टाही केली होती. तो म्हणाला, त्यात काय, एक दिवस भिंतच घेऊन या स्ट्रेचरवर, रिपोर्ट मी लिहितो.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर वडिलांजवळ पाच शब्द उरले होते. हां, नको, पाणी, छोट्या आणि चूक. छोट्या हे धाकट्या भावाचे घरातले नाव. आता ते सगळ्यांनाच लागू होते, तिलाही. पहिले काही दिवस ती दुरुस्त करीत असे, बाबा, मी. मी ताई. मग तिने ते सोडून दिले आणि छोट्या म्हणून हाक आली की ओ देऊ लागली. पण पाचवा शब्द तिला पचवता येईना. ते दिवसातून कितीदा तरी तो उच्चारत. न्हाणीघरासमोरून वॉकर टेकत जाताना थांबून, उखडलेल्या भिंतीकडे पाहून: चूक. ती स्पंज आणि कोमट पाण्याचे घमेले घेऊन त्यांचे अंग पुसायला बसली की मान फिरवून: चूक. एकदा जेवताना, घास हातात धरून, तिच्याकडेच पाहत. यादी करायला तिला वेळ लागला नव्हता. नको त्या मिस्त्रीला बोलावणे ही चूक. काम तपासून न घेणे ही चूक. भावाचे घर मोठे, त्याच्या घराला लिफ्ट, दिवसभर घरी असणारी बायको. तिथे न पाठवता हट्टाने त्यांना आपल्या या अडीच खोल्यांत आणणे ही सगळ्यांत मोठी. त्याही मागे जाता आले असते. मुलगी होणे, मुलगी होऊन लग्न न करणे, एवढे शिकून दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडे मोजणे. पाच शब्द उरलेल्या माणसाने त्यातला एक यासाठी राखून ठेवला होता, ही गोष्ट तिला रात्रंदिवस कुरतडत होती. माणूस पुरात सामान सोडून पळताना काय उचलतो त्यावरून तो कळतो म्हणतात. आणि यांनी हे उचलले होते.

भावाने फोनवर आवाज चढवला नव्हता. तो चढवत नाही. त्याने फक्त सांगितले की त्याच्या गावी एक संस्था आहे, स्वच्छ, परिचारिका चोवीस तास, आणि त्यांनी एक खोली राखून ठेवली आहे. आपल्या घरी का नेत नाहीस, असे तिने विचारले नाही, त्यानेही ते आपणहून सांगितले नाही. पुन्हा पडले तर हाड नाही, माणूस जाईल, ताई, एवढेच तो म्हणाला, आणि ते खरे होते. तिने सहा आठवडे मागून घेतले होते. तेवढ्यात मी दांडा बसवते, असे ती म्हणाली होती. तू, असे तो म्हणाला होता. त्या एका अक्षरात वडिलांची अख्खी कार्यशाळा होती. लाकडाच्या भुश्शाचा तो पिवळा वास, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारी धूळ, आणि ओट्यावर बसवलेला छोट्या, ज्याला वडील रंधा कसा धरायचा ते पुन्हा पुन्हा दाखवीत आणि जो दर वेळी जांभई देई. तिला कुणी नको म्हटले नव्हते. तिला कुणी ये म्हटले नव्हते एवढेच. छोट्याने शेवटी रंधाही धरला नाही आणि करवतही. तो वातानुकूलित काचेमागे बसून लोकांना विमानाची तिकिटे देऊ लागला. हत्यारांची पत्र्याची पेटी कुणालाच नको होती म्हणून ती वडिलांच्या गाठोड्याबरोबर तिच्याकडे आली आणि पलंगाखाली गेली.

मग ती शिकू लागली. फोनवरच्या व्हिडिओत दोन हात दिसत, ज्यांना चेहरा नव्हता, आवाज नव्हता, फक्त स्वच्छ कापलेली नखे आणि अमानुष शांतपणा. ते हात टाइलवर कागदी पट्टी चिकटवत, म्हणजे मशीनचे टोक घसरत नाही. ते हात आधी हळू फिरवत, मग जोर लावत. ते कधी चुकत नसत, आणि त्यामुळेच ते काही शिकवत नाहीत असा तिला हळूहळू संशय येऊ लागला. हत्यारांच्या दुकानात ती गेली तेव्हा दुकानदाराने विचारले, साहेब नाही आले, आणि तिने साहेब कोण हे न कळून मागे वळून पाहिले. त्याने प्लास्टिकच्या छोट्या खाचदार नळ्या काउंटरवर ओतल्या. त्यांना तो गिट्टी म्हणत होता. भोक पाडायचे, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळला की ती आत फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. न फुगली तर, तिने विचारले. फुगते हो, तो म्हणाला, ज्याला धरायला काही असतं ते धरतंच. बाल्कनीत तिने उरलेल्या टाइलांवर सराव केला. पहिल्या सात तडकल्या. आठवीला भोक पडले तेव्हा ती ती टाइल उजेडात धरून त्या भोकातून समोरच्या इमारतीकडे बघत राहिली, तिथली एक बाई कपडे वाळत घालीत होती, आणि कितीतरी वर्षांनी तिला आपले हात आपले वाटले. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर येऊन चौकशी केली की घरात काही उद्योग सुरू केला आहे का. भिंती ठोकून पाहायची सवय लागली. कामावर जाताना जिन्यात, वाचनालयात, बोटाच्या पेराने टकटक. पण टाइल लावलेली भिंत मनातले सांगत नाही. एखादी टाइल नीट चिकटलेली नसली तर मागे भरीव वीट असूनही पोकळ वाजते, आणि पक्की चिकटलेली असली की मागच्या पोकळीवरही ठणठणीत पांघरूण घालते. आज तिने चार ठिकाणी ठोकून पाहिले, जिथे आवाज सगळ्यात खणखणीत वाटला तिथे पट्टी चिकटवली, आणि तिथेच भिंतीने अंग काढून घेतले होते.

वॉकरचे पाय वाजले. चार पायांचा तो लाकडी ठोका, मग वडिलांच्या पायांची घसट, मग पुन्हा ठोका. ते दारात येऊन उभे राहिले. उजवा हात अंगाशी निर्जीवपणे दुमडलेला, डावा वॉकरवर. त्यांनी भोकाकडे पाहिले, तिच्या मांडीवरच्या मशीनकडे पाहिले.

“चूक,” ते म्हणाले.

“हो, बाबा.” तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, फार शांत होता तो. “माझीच चूक. पहिलीही माझी, ही पण माझी. सगळ्या माझ्याच. आता चार वाजता छोट्या येईल, त्याला सांगा.”

त्यांनी मान हलवली. नको, ते म्हणाले, नको, नको, आणि त्यांचा चेहरा लाल झाला, झटक्यानंतर शब्द अडला की होतो तसा. त्याची तिला भीती वाटत असे. ती उठायला गेली तेवढ्यात त्यांनी चौकटीला खांदा टेकवला, वॉकर सोडला आणि डावा हात तिच्या तोंडासमोर धरला. अंगठा आणि तर्जनी, मध्ये थोडे अंतर. जणू काही अदृश्य, बारीक वस्तू चिमटीत उभी धरली आहे. “चूक,” ते म्हणाले. मग त्याच हाताची मूठ करून त्यांनी चौकटीवर ठोकले, हलकेच, दोनदा, आणि कान तिरका केला. पुन्हा चिमूट. पुन्हा ठोका. पुन्हा तिरका कान. मंदबुद्धी मुलाला समजवावे तितक्या चिकाटीने.

त्या दोन बोटांमध्ये दीड इंचाचे अंतर होते. आधी तिला ते अंतर कळले, शब्द मागाहून आला, आणि आला तो एका कागदाच्या पुडीतून, जी तिच्या नऊ वर्षांच्या घामट मुठीत होती. जा, दीड इंची चुका घेऊन ये, असे वडिलांनी तिला सांगितले होते, आणि दुकानातला माणूस हसून म्हणाला होता, चुका कशाला विकत घेता, शाळेत फुकट मिळतात की. ती रडकुंडीला येऊन परतली होती. चुका म्हणजे बारीक खिळे. पुढे त्या घरातून ती बाहेर पडली, शिकली, सगळे जग खिळे आणि स्क्रू म्हणू लागले, आणि त्या शब्दाचा एकच, काळा, वहीत लाल शाईने लिहिला जाणारा अर्थ तिच्याजवळ उरला. एका सुताराच्या मुलीजवळ. सहा आठवडे एक माणूस तिच्याकडे खिळा मागत होता आणि ती त्याच्याकडे क्षमा मागत होती.

तिने पलंगाखालची पेटी ओढून काढली. गंजलेल्या डब्यात त्या होत्या, केसांतल्या आकड्यांसारख्या बारीक, एकमेकींत गुंतलेल्या. वडील स्टुलावर बसले. त्यांनी बोट दाखवले तिथे, दोन टाइलांमधल्या सांध्यात, तिने पहिली चूक टेकवली आणि छोट्या हातोडीने मारली. भोकाशेजारी ती लोण्यात जावी तशी गेली. अर्ध्यावर गेल्यावर आवाजच बंद झाला. “नको,” वडील म्हणाले. ती डावीकडे सरकली. पुढच्या सांध्यातही तेच, बसका आवाज, मग काही नाही. म्हणजे इथून तिथपर्यंत भिंत नव्हतीच. नळ झाकण्यासाठी उभा केलेला पातळ पडदा होता, ज्याने त्या मिस्त्रीला फसवले आणि तिलाही. तिसऱ्या सांध्यात चूक पाव इंच गेली, वाजली, अगदी वेगळी, कोरडी, चढत जाणारी सुरावट, आणि पुढच्या ठोक्याला वाकली. तिने घाबरून वडिलांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. “हां,” ते म्हणाले. “हां.”

पुढचे दोन तास कसे गेले ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवले. वडील त्या नव्या जागेसमोर उभे राहिले आणि त्यांनी डावा हात भिंतीवर जिथे आपोआप पडला तिथे ठेवला. तो तेहतीस इंचांवर नव्हता, तीस आणि थोडा वर होता, आणि तिने पेन्सिलीने त्या तळव्याभोवती रेघ ओढली, लहान मुले कागदावर ओढतात तशी. कातडी थंड होती. मशीनने या वेळी तक्रार केली, धुरकट वास सोडला, लाल विटेची भुकटी तिच्या मनगटावर, चष्म्यावर, जिभेवर आली, आणि ती चव तिला इतकी आवडली की तिने तोंड पुसले नाही. पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मध्यावर येईना. वडिलांनी एका बोटाने दांड्याचे टोक केसभर वर ढकलले. सहा गिट्ट्या, सहा स्क्रू. शेवटचा पिळताना तिच्या तळहातावरचा फोड फुटला. पण आनंद पूर्ण होत नव्हता. तिच्या डोक्यात ती सगळी सहा आठवड्यांची यादी पुन्हा सरकत होती, एकेक प्रसंग उलटून पाहिला जात होता. जमिनीवर पडून भिंतीकडे पाहत म्हणालेली चूक: खिळा. न्हाणीघरासमोर थांबून म्हणालेली: खिळा. पण अंग पुसताना? पण त्या जेवताना, भिंतीकडे पाठ असताना, तिच्याकडे पाहत म्हणालेली? एकाच शब्दात दोन वस्तू राहत होत्या, आणि कुठल्या वेळी दार कोणी उघडले होते हे आता कळायला मार्ग नव्हता. विचारता आले असते. उत्तर हां आले असते किंवा नको, आणि दोन्हींवर तिचा विश्वास बसला नसता.

भाऊ चारला पाच मिनिटे असतानाच आला. त्याने बूट काढले, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, लाल केस, लाल भुवया. “काय ताई,” तो म्हणाला, “नोकरी सोडलीस की काय? माझ्याकडेही एक कपाट लागत नाहीये.” मग तो न्हाणीघरात गेला. उखडलेल्या जागा, चुका मारलेले सांधे, ते एक आगंतुक भोक, सगळे त्याने पाहिले. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला. मग हात ताठ करून सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकला, पाय जमिनीवरून उचलले आणि एका जागी तसाच अधांतरी राहिला. तिने डोळे मिटले. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. काहीच वाजले नाही. त्याने पाय टेकले, स्क्रूंच्या कडेने नख फिरवून पाहिले. भिंत तशीच होती.

“बसवलास,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. असलेच तर थोडेसे एकटे पडल्यासारखे काहीतरी होते. तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. संस्थेला संध्याकाळपर्यंत कळवायचे होते, खोली अजून धरून ठेवली होती. नको म्हणून कळवतो, असे तो म्हणाला असता तर तिने त्याला जवळ घेतले असते. त्याने फोन काढला, हातात उलटसुलट केला आणि खिशात परत ठेवला.

“बाबांना विचारलंस?”

“काय?”

“राहायचंय का त्यांना इथं.”

सहा आठवडे. टाइला, गिट्ट्या, चेहरा नसलेले ते हात, उंची, जाडी, कोन. भिंतीला तिने रोज विचारले होते, पेराने, कानाने, शेवटी खिळ्याने. छोट्याने विचारले नव्हते, हे ठीकच. तो न विचारता तिकिटे काढतो. पण तिनेही विचारले नव्हते. राखायचे आहे एवढे तिला माहीत होते, आणि ज्याला राखायचे तो खुर्चीत बसलेला होता, सगळे ऐकत, भिंतीसारखा.

ती हॉलमध्ये गेली आणि वडिलांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. त्यांच्या गुडघ्यावर लाल भुकटीचा एक ठिपका होता. जवळून पाहिल्यावर त्यांची नजर म्हातारी, थकलेली वाटली, पण मंद नव्हती. भाऊ मागे दाराला टेकून उभा राहिला. तिने त्यांचा निर्जीव हात हातात घेतला, मग विचार बदलून दुसरा घेतला, ज्याला जाणीव होती.

“बाबा, तुम्हाला माझ्याकडे राहायचंय? की छोट्याकडच्या त्या ठिकाणी जायचंय? तुम्ही म्हणाल ते. खरंच, तुम्ही म्हणाल तेच.”

हां किंवा नको. दोनच शब्द पुरले असते, एका प्रश्नात दोन प्रश्न घातले नसते तर. तेही तिला बोलून झाल्यावर कळले. ते तिच्याकडे बघत राहिले. ओठ किंचित उघडले, जीभ काहीतरी चाचपत आत फिरली आणि थांबली. मग त्यांनी हात सोडवून घेतला, हलकेच, जसा माणूस झोपलेल्या मुलाच्या मुठीतून बोट सोडवतो. वॉकर जवळ ओढला. उठताना ते एकदा डगमगले. भाऊ पुढे झाला, आणि तिने, त्याच्याकडे न पाहता, हात आडवा धरून त्याला थांबवले. वडील दोघांच्या मधून गेले. खुर्चीच्या पाठीवरचा आपला पंचा त्यांनी खांद्यावर टाकला, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर वॉकरचे पुढचे दोन पाय चढवले, मग मागचे दोन, आणि मागे वळून न बघता आत जाऊन दार लोटून घेतले.